विरजण, अंबील आणि भोगवर्धन

गेल्या उन्हाळ्यात भोकरदनला एका स्नेह्यांच्या घरी आमचा दोन दिवस मुक्काम होता. त्यांची मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते. सुटीसाठी ती घरी आली होती. संध्याकाळी तिने दुधात एक पांढरी भुकटी कालवली, दूध उकळून कोमट केले आणि त्याला विरजण लावले. आजी जवळच बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "हे काय घातलंस गं?" नात म्हणाली, "प्रीबायोटिक आहे, आजी. दह्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं." आजी हसल्या. "अगं, एवढं दूध असताना दह्याला आणखी कशाची भूक? भूक तर खाणाऱ्याला असती."

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, हे आमच्या ध्यानात पुढे वाचन करताना आले. दह्याच्या भांड्यात वनस्पतीचा अंश का घालावा, आणि तो नेमका कोणाच्या उपयोगी पडतो, या प्रश्नाला एक दीर्घ इतिहास आहे. त्यात यज्ञविधी आहेत, वैद्यक आहे, वारकऱ्यांचा काला आहे, दुष्काळ आहे. आणि ज्या गावात तो प्रश्न विचारला गेला त्या गावच्या मातीतून निघालेले दोन हजार वर्षांपूर्वीचे धान्यही आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू, कारण साहित्याच्या अभ्यासकाला तेथूनच सुरुवात करणे सोयीचे. आंबट दुधाची आधुनिक थोरवी सुरू होते ती विसाव्या शतकाच्या आरंभी. स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्याने १९०५ साली आपल्या देशातील दह्यातील जिवाणूचे वर्णन केले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेचनिकॉव्ह यांनी त्यावरून एक मोठा सिद्धान्त उभारला: आतड्यातील कुजकट जिवाणूंमुळे वार्धक्य लवकर येते आणि आंबट दुधातील जिवाणू त्यांना आवर घालतात. १९०७ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक मात्र दह्यासाठी नव्हते, रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी होते. लोकांनी या दोन गोष्टी एक करून टाकल्या. तो बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात ठाण मांडून राहत नाही, हे नंतर दिसून आले. तोवर दह्याचा महिमा जगभर पसरला होता.

'प्रोबायोटिक' हा शब्द त्यानंतर बराच उशिरा आला, आणि त्याचा अर्थही एकसारखा राहिला नाही. १९६५ साली लिली आणि स्टिलवेल यांनी तो वापरला तेव्हा एका सूक्ष्मजीवाने स्रवलेला, दुसऱ्याच्या वाढीला चालना देणारा पदार्थ असा त्याचा अर्थ होता. आज ज्याला आपण जिवाणू म्हणतो, त्याला तेव्हा त्या शब्दात जागा नव्हती. पुढे अर्थ फिरत फिरत २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी व्याख्या बांधली: पुरेशा मात्रेत घेतले असता आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. 'प्रीबायोटिक' हा शब्द १९९५ सालचा; गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांचा. आपल्याला पचत नाही, परंतु मोठ्या आतड्यातील काही निवडक उपकारक जिवाणूंना पोसते, असे अन्न म्हणजे प्रीबायोटिक. जिवाणू आणि त्यांचे अन्न यांच्या जोडीला त्याच लेखात 'सिनबायोटिक' असे नाव दिले गेले. नातीच्या हातातील भुकटी होती इन्युलिनची. हा पदार्थ व्हॅलेंटाइन रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने १८०४ सालीच एका औषधी मुळीतून वेगळा काढला होता. कांद्यात, लसणात, गव्हात तो असतो. बाजारातील भुकटी बहुधा चिकोरीच्या मुळांपासून काढतात. पदार्थ जुना आणि त्याचे नाव नवे, अशी ही स्थिती आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. भांड्यात काय घडते? गाईच्या दुधात शेकडा साडेचार ते पाच भाग दुग्धशर्करा असते. विरजणातील जिवाणू ती खातात आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढून पीएच ४.६ च्या आसपास आला की दुधातील केसीन हे प्रथिन एकत्र येते आणि दही लागते. दही लागेपर्यंत दुग्धशर्करेचा साधारण चौथा ते तिसरा हिस्साच खर्ची पडलेला असतो. म्हणजे विरजणाच्या जिवाणूंना उपासमार मुळीच नसते. शिवाय दही लावणाऱ्या नेहमीच्या जिवाणूंपैकी बहुतेकांना इन्युलिन फोडताच येत नाही. ते भांड्यात जवळजवळ जसेच्या तसे राहते, दही थोडे दाट आणि मऊ करते, आणि खाणाऱ्याच्या लहान आतड्यातूनही न पचता पुढे जाते. मोठ्या आतड्यात पूर्वीपासून वस्तीला असलेले बिफिडो वर्गातील जिवाणू ते खातात. आजींचे म्हणणे शब्दशः खरे ठरते. भुकटी दह्यात पडते. परंतु ती दह्याचे अन्न होत नाही, खाणाऱ्याच्या पोटातील वस्तीचे होते.

येथे आणखी एक भेद सांगणे अवश्य आहे. घरचे प्रत्येक दही व्याख्येप्रमाणे प्रोबायोटिक नसते. त्यात जिवंत जिवाणू कोट्यवधी असतात हे खरे; परंतु ते नेमके कोणते वाण, किती मात्रेत, आणि त्यांचा लाभ पारखला गेला आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे असल्यावाचून तो शब्द लावता येत नाही. विरजण घरोघरी निराळे असते, ऋतूप्रमाणे बदलते. दही चांगले अन्न आहे हे सांगण्यासाठी त्या शब्दाची गरजही नाही. भुकटीचेही तसेच. ती थोडी घेतली तर सोसते, एकदम पुष्कळ घेतली तर पोट फुगते, आणि ज्यांची आतडी नाजूक आहेत त्यांना ती त्रासदायक ठरू शकते.

दुधात वनस्पतीचा अंश घालण्याची कल्पना मात्र अतिशय जुनी आहे. तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात, अमावास्येच्या यागासाठी दूध विरजण्याचा विधी सांगताना, दूध कशाने विरजावे याची एक यादीच येते. पूतीक नावाची वनस्पती, पळसाची साल, बोरे, तांदळाचे दाणे आणि दही. प्रत्येक द्रव्याला एक देवता वा एक योनी नेमून दिली आहे: अमुकाने विरजले तर ते सोमाचे, अमुकाने तर राक्षसांचे, तमुकाने तर विश्वेदेवांचे. दह्याने विरजलेले ते इंद्राचे, आणि म्हणून तेच घ्यावे, असा निर्णय शेवटी दिला आहे. आधुनिक वाचकाला हा देवतांचा हिशेब वाटेल. पण त्यामागे अनुभव आहे. साल, फळ आणि दाणा यांच्या अंगावर आम्ल करणारे जिवाणू असतात, त्यामुळे दूध विरजते. पण दर वेळी निराळे विरजते. दह्याने दही लावले की कालचीच चव आज मिळते. येथे वनस्पती जिवाणूंचे अन्न म्हणून येत नाही, जिवाणूंचे वाहन म्हणून येते.

विरजण संपले असता सुक्या वा हिरव्या मिरचीची देठे दुधात टाकून दही लावण्याची युक्ती आजही घरोघरी माहीत आहे. भोकरदन तालुक्यात तर मिरचीला तोटा नाही. पिंपळगाव रेणुकाईची हिरव्या मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. ही युक्ती आपण 'पूर्वापार' म्हणतो. परंतु मिरची भारतात आली ती पोर्तुगीजांच्या मागोमाग, सोळाव्या शतकात. तेव्हा देठाच्या विरजणाचे पूर्वापारत्व पाच शतकांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. युक्तीमागचे तत्त्व वैदिक यादीइतके जुने, वस्तू मात्र अमेरिकेतून आलेली. परंपरा म्हणून आपण जे सांगतो त्याची घडण पुष्कळदा अशीच असते, आणि ती उघड करण्यात परंपरेचा अपमान होत नाही.

वनस्पती आणि दही यांची दुसरी भेट भांड्यात नव्हे, ताटात होते. ऋग्वेदात पूषन् या देवाला करंभ खाणारा म्हटले आहे. करंभ म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ दह्यात कालवून केलेले अन्न. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दही खाण्याचे नियम आहेत: रात्री खाऊ नये, तापवून खाऊ नये, आणि तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांच्या सोबतीवाचून खाऊ नये. मुगाचे नाव वाचताच आजच्या उत्साही लेखकाला मोह होतो. डाळींमध्ये रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात, त्या आपल्याला पचत नाहीत आणि आतड्यातील जिवाणूंना पोसतात. मग चरकांना प्रीबायोटिक ठाऊक होते असे म्हणायला काय हरकत आहे? हरकत आहे. चरकांचा नियम दोष आणि त्यांचे शमन यांच्या भाषेत उभा आहे. त्याच नियमात तूप आणि साखरही आहे, आणि त्या दोहोंना प्रीबायोटिक म्हणता येत नाही. सोयीचा एक शब्द उचलायचा आणि शेजारचे दोन सोडून द्यायचे, याला वाचन म्हणत नाहीत. कवितेच्या वर्गात आपण विद्यार्थ्याला अर्थारोप करू नकोस असे बजावतो. अन्नाच्या इतिहासातही तोच नियम लागू आहे.

आमच्या मराठवाड्यात या भेटीचे रूप म्हणजे अंबील. लातूर आणि धाराशिवकडे मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला, म्हणजे येळवसीला, शेतात मडक्याने अंबील नेतात आणि अनेक शेंगदाण्या-डाळींची व पालेभाज्यांची भज्जी तिच्यासोबत खातात. इतरत्र ती सणाची नव्हे, रोजची. ज्वारीचे पीठ आणि ताक हे तिचे दोन खांब. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. ताकात जिवंत जिवाणू. दोन्ही एका वाडग्यात आले की 'सिनबायोटिक' झाले, असे म्हणण्याचा मोह येथेही होतो. पण स्वयंपाकघरात जाऊन पाहिले तर निराळे दिसते. पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबवायचे आणि सकाळी शिजवायचे, ही एक रीत. या रीतीत उकळीबरोबर जिवाणू मरतात, कढीचेही तेच. तिचा लाभ अन्य आहे: आंबण्याने ज्वारीतील फायटेटे कमी होतात आणि धान्यातील लोह व जस्त अंगी लागणे सुलभ होते. पीठ किंवा कण्या आधी शिजवायच्या, गार होऊ द्यायच्या आणि मग ताक घालायचे, ही दुसरी रीत. तिच्यात जिवाणू जिवंत राहतात. शिवाय शिजवून गार झालेल्या पिठातील काही स्टार्च न पचणारा होतो आणि मोठ्या आतड्यापर्यंत जातो. कांद्याची दह्यातील कोशिंबीर आणि लाह्यापोह्यांचा काला हे याच दुसऱ्या वर्गातले. एकाच नावाच्या दोन वाडग्यांत एवढे अंतर असते. 'आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते' या वाक्यात हे अंतर पुसले जाते, आणि ज्या बाईने कधी आधी, कधी नंतर ताक घातले तिची कारणे, म्हणजे ऊन, सरपण, वेळ, चव, तीही पुसली जातात.

काल्याचा उल्लेख झाला तेव्हा पैठणची आठवण होणे स्वाभाविक आहे. नाथषष्ठीचा उत्सव फाल्गुन वद्य अष्टमीला काल्याने संपतो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, ही काल्यामागची कथा. दह्याने निरनिराळ्या घरांचे धान्य एकत्र धरून ठेवावे, हा तिचा आशय. आतड्याशी तिचा काही संबंध नाही. पण अन्नाच्या इतिहासात वाटून खाण्याचा प्रश्न पौष्टिकतेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो, आणि तोच आम्हाला पैठणहून पुन्हा भोकरदनला आणतो. या दोन गावांचा संबंध जुना आहे. प्रतिष्ठानहून उत्तरेस उज्जयिनीकडे जाणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गावर भोगवर्धन होते. तेच आजचे केळणा नदीकाठचे भोकरदन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे.

१९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी भोकरदनला उत्खनन केले. त्याचा अहवाल पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. या उत्खननातील हस्तिदंती स्त्रीप्रतिमेची चर्चा फार झाली, कारण पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी तिचे नाते दिसते. धान्याच्या दाण्यांची चर्चा त्या मानाने थोडी झाली. सातवाहनकालीन थरांतून निघालेल्या त्या दाण्यांत तूर होती. भारतातील तुरीच्या जुन्या पुराव्यांत भोकरदनचे नाव आज घेतले जाते. रोमशी व्यापार करणाऱ्या नगरीत डाळ खाल्ली जात होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. तिच्यासोबत ताक होते काय, हे दाणा सांगत नाही. ताक मागे काही ठेवीत नाही.

आणि १९७३ हे साल कोणते? १९७२ साली पाऊस गेला होता. मराठवाड्यात जनावरे चाऱ्यावाचून मेली किंवा मिळेल त्या किमतीला विकली गेली. माणसे खडी फोडण्याच्या आणि रस्त्यांच्या कामांवर गेली. तेथे सुकडी मिळे, आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या पिढीच्या तोंडून मिलोच्या भाकरीची चव आम्ही अनेकदा ऐकली आहे. चांगली कोणीच सांगितली नाही. अंबिलीचे दोन खांब एकाच वर्षी कोसळले होते: ज्वारी शेतातून गेली होती आणि ताक गोठ्यातून. दोन हजार वर्षांपूर्वीचे धान्य ज्या साली भोकरदनच्या मातीतून वर आले, त्याच साली त्या मातीवर धान्य नव्हते. या योगायोगातून आम्ही कोणताही सिद्धान्त काढीत नाही. पण भोगवर्धनची समृद्धी सांगताना ते साल विसरणे आम्हाला योग्य वाटत नाही.

दुष्काळ नसतानाही ताक सर्वांच्या घरी होते असे नाही. आपल्या भाषेनेच त्याचा पुरावा जपून ठेवला आहे. ताकाला जाऊन भांडे लपवू नये, असे आपण म्हणतो. म्हणजे ताकाला दुसऱ्याच्या दारी जावे लागत होते. मागणाऱ्याला संकोच होता, आणि देणाऱ्याच्या घरी दुभते होते. दुधाची तहान ताकावर भागवावी लागे, असेही आपण म्हणतो. ज्याला ताकही मागून आणावे लागे त्याने आपली तहान कशावर भागवावी, याची म्हण मात्र झाली नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकघराचा वृत्तान्त प्रथमच एवढ्या विस्ताराने मांडला, आणि 'मराठी अन्न' म्हणून आपण जे वर्णन करीत होतो ते किती थोड्या घरांचे होते, हे दाखवून दिले. १९१० सालच्या लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणी-मित्र'पासून १९७० सालच्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'पर्यंतची पाकपुस्तके आपला मोलाचा ठेवा आहेत. पण ती वाचताना हे भान ठेवले पाहिजे. पूर्वजांचे ज्ञान म्हणून ज्याचा गौरव चालतो, ते पुष्कळांच्या बाबतीत केवळ हाताशी असलेल्या दोन वस्तूंचे मिश्रण होते, आणि कित्येकांच्या हाताशी त्यातली एकच वस्तू होती.

आता त्या वस्तू पुन्हा दूर गेल्या आहेत, पण निराळ्या तऱ्हेने. राज्यात ज्वारीचा पेरा कमी होत गेला. भोकरदनच्या शिवारात कापूस, मका आणि सोयाबीन दिसतात. गरिबाचे म्हणून जे अन्न सुटले, त्याचा एक अंश परदेशी मुळीच्या भुकटीच्या रूपाने, डब्यात भरून, चढ्या किमतीने परत येतो. आम्ही त्या भुकटीला नावे ठेवीत नाही. तिचे कार्य प्रयोगांनी दाखवलेले आहे, आणि ज्याच्या ताटात भाकरी, डाळ, कांदा यांपैकी काहीच उरलेले नाही, त्याला तिचा उपयोग होईल. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याच्या ताटात हे सर्व आहे त्याच्या दह्याच्या भांड्यात तिची निकड नाही. तंतू आणि जिवाणू यांची गाठ पोटात पडायची असते. ते एकाच भांड्यातून जावेत अशी अट नाही.

दुसऱ्या दिवशी ते दही आम्ही खाल्ले. नेहमीपेक्षा दाट होते, किंचित गोडसर. आजींनी चव घेतली आणि चांगले लागले असे म्हणाल्या. मग त्यांनी रात्रीच शिजवून गार केलेल्या ज्वारीच्या कण्या काढल्या, त्यावर घरचे ताक ओतले, मीठ आणि ठेचलेला लसूण घातला आणि वाडगा नातीपुढे ठेवला. नातीने विचारले, "यात किती फायबर असेल, आजी?" त्या म्हणाल्या, "ते तू मोज बाई. मी बहात्तरला तुझ्या बापाला हे देऊ शकले नाही, एवढं मला ठाऊक आहे."

प्रीबायोटिकचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने १८०४, १९०७ आणि १९९५ या सालांबरोबर १९७२ हे सालही मांडावे, अशी आमची सूचना आहे.